फ्रान्सच्या शाळेत भाषा-असिस्टंट म्हणून जाताना: बेळगाव, खानापूर, निपाणीकडून वारंवार येणारे प्रश्न

फ्रान्समधल्या सरकारी शाळांत इंग्रजीचे सहायक शिक्षक म्हणून जाऊ पाहणारी आपल्या भागातली मुलंमुली आणि त्यांचे आईवडील जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. हे काम मी स्वतः करून आले आहे. तिथे रुळायला आपल्या मुलांना भाषा कमी पडत नाही, कागद कमी पडतात, असं माझं ठाम मत आहे. म्हणून कागदांबद्दल इथे जरा जास्तच लिहिलंय.

१. असिस्टंट म्हणजे नेमकं काय? तिथे जाऊन इंग्रजी शिकवायचं की फ्रेंच?

इंग्रजी. फ्रान्सचं शिक्षण खातं दरवर्षी अनेक देशांतून तरुण मंडळी बोलावतं आणि त्यांना प्राथमिक शाळेत, कोलेजमध्ये (आपली साधारण सहावी ते नववी) किंवा लिसेमध्ये (दहावी ते बारावी) नेमतं. तिथला कारभार फ्रान्स एद्युकासियाँ अँतेर्नासियोनाल ही संस्था बघते. भारतातले अर्ज फ्रेंच दूतावासाच्या अँस्तित्यू फ्राँसेकडून जातात. नेमणूक साधारण १ ऑक्टोबर ते ३० एप्रिल अशी सात महिन्यांची आणि काम आठवड्याला १२ तासांचं. वर्गाचे खरे शिक्षक दुसरेच असतात. मुलांना इंग्रजीत बोलतं करणं हे तुमचं काम. पेपर तपासणं, गुण देणं, परीक्षेला सुपरव्हिजन करणं तुमच्याकडे येत नाही.

२. ताई, मी दहावीपर्यंत मराठी माध्यमात होते. माझं इंग्रजी चालेल का? आणि फ्रेंच किती यायला पाहिजे?

माध्यम कुणी विचारत नाही. इंग्रजी न अडखळता बोलता आलं पाहिजे. फ्रेंच साधारण बी-वन पातळीचं हवं, म्हणजे दुकानात, बँकेत, शाळेच्या ऑफिसात स्वतःचं काम स्वतः करता येईल इतकं. त्याचा दाखला म्हणून डेल्फ परीक्षा देतात. फ्रेंच शिकवणाऱ्या आलियाँस फ्राँसेझ संस्थेचं आपल्याकडून जवळचं केंद्र म्हणजे पणजीचं, चोर्ला घाट उतरला की आलंच. पुणे आणि बेंगळूरलाही आहे.

एक गोष्ट आवर्जून सांगते. घरात मराठी, तहसील ऑफिसात कन्नड, बाजारात दोन्ही, कॉलेजात इंग्रजी, टीव्हीवर हिंदी अशा वातावरणात आपण वाढलो. समोरच्याचं निम्मं कळलं नाही तरी न घाबरता बोलणं चालू ठेवायचं, हे आपल्याला लहानपणापासून येतं. तिथे पहिल्या महिन्यात हेच सगळ्यात जास्त कामाला येतं.

३. अमेरिकेलाही असंच जाता येतं म्हणे. कुठला कार्यक्रम बरा?

अमेरिकेचा फुलब्राइट फॉरेन लँग्वेज टीचिंग असिस्टंट हा कार्यक्रम आहे. तिथे उलटं असतं. आपले तरुण इंग्रजी शिक्षक नऊ महिने अमेरिकन विद्यापीठात जाऊन हिंदी, उर्दू, बंगाली अशा भारतीय भाषा शिकवतात आणि सोबत काही कोर्सही करतात. व्हिसा जे-वन असतो आणि परत आल्यावर दोन वर्षं मायदेशी राहण्याची अट असते. पुढे लगेच अमेरिकेत नोकरी किंवा कायमचं राहणं डोक्यात असेल, तर ही अट आधीच नीट समजून घ्या. ज्यांना फ्रेंच येत नाही पण इंग्रजी शिकवण्याचा अनुभव आहे, त्यांनी तिकडे बघावं. फ्रेंच शिकलेल्यांना फ्रान्स जवळचं. बाकीची सगळी उत्तरं फ्रान्सबद्दलच आहेत.

४. पगार पुरतो का? जाताना किती पैसे बरोबर घ्यावे लागतात?

हातात महिन्याला साधारण ८०० युरो येतात. लहान गावात पुरतात, पॅरिसमध्ये ओढाताण होते. अर्जात भागाची पसंती विचारतात, तेव्हा सगळेजण पॅरिस, लियाँ, नीस लिहितात. मी लहान किंवा मध्यम गाव लिहा म्हणते. भाडं कमी आणि लोक लवकर ओळखीचे होतात.

अडचण पहिल्या पगाराची. कागद उशिरा पोचले तर ऑक्टोबरचा पगार नोव्हेंबरच्या शेवटी, दोन महिन्यांचा एकदम येतो. तोवर घराचं डिपॉझिट, भाडं, बसचा पास, थंडीचे कपडे सगळं खिशातून. त्यामुळे विमानाचं तिकीट सोडून किमान १५०० ते २००० युरो फॉरेक्स कार्डवर असू द्या. यासाठी बरेच जण सोसायटीतून कर्ज काढतात. तसं करणार असाल तर पहिला हप्ता जानेवारीपासून धरून घ्या. अगदीच अडलं तर शाळेच्या ऑफिसात पगाराची उचल मागता येते, तिला तिकडे 'आकोंत' म्हणतात. मागायला लाजू नका, तशी सोय आहे म्हणूनच ते देतात.

५. माझ्या जन्मदाखल्यावर 'बेलगाम' आहे आणि पासपोर्टवर 'बेळगावी'. तिथे अडवतील का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि आपल्याच भागातून येतो. कर्नाटक सरकारनं १ नोव्हेंबर २०१४ ला बेळगावचं अधिकृत नाव बेळगावी केलं. त्याच दिवशी विजापूरचं विजयपुरा, गुलबर्ग्याचं कलबुर्गी, हुबळीचं हुब्बळ्ळी झालं. म्हणून २०१४ आधीच्या दाखल्यावर एक स्पेलिंग आणि नंतरच्या पासपोर्टवर दुसरं. फ्रेंच कारकुनाला ही दोन वेगळी गावं वाटतात. त्याची चूक नाही, त्याच्यासमोर फक्त दोन कागद असतात.

तीन गोष्टी करा. कुठलाही फॉर्म भरताना पासपोर्टवर आहे तेच स्पेलिंग लिहा, दाखल्यावरचं नाही. महानगरपालिकेतून, ग्रामपंचायतीतून किंवा तहसीलदार कार्यालयातून जन्मदाखल्याची नवी कॉम्प्युटरवरची प्रत काढा. तीवर कन्नडबरोबर इंग्रजीही असतं. जुन्या हातानं लिहिलेल्या कन्नड दाखल्यावर तिथे काहीच होत नाही. आणि नाव बदलल्याच्या सरकारी अधिसूचनेची एक प्रत फाइलमध्ये ठेवा.

जन्मदाखला एवढा का लागतो? कारण तिथला सामाजिक सुरक्षा नंबर त्यावरच मिळतो, आणि तो नंबर मिळाला नाही तर डॉक्टरचे पैसे परत मिळत नाहीत (प्रश्न १० पाहा). दाखल्यावर आईवडिलांची नावं असलीच पाहिजेत. त्याला राज्य सरकारचा शिक्का आणि मग परराष्ट्र मंत्रालयाचा अपोस्टील (कागद परदेशात खरा मानला जावा म्हणून लावतात तो शिक्का) लागतो, नोटरीचा शिक्का चालत नाही. भाषांतरही फ्रान्समध्ये मान्यता असलेल्या शपथबद्ध अनुवादकाकडूनच करावं लागतं. हे सगळं इथे असतानाच उरका. तिथून आईला फोन करून 'कॉर्पोरेशनमध्ये जाऊन ये' म्हणायची वेळ आली की दोन्हीकडे जीव टांगणीला लागतो.

ज्यांच्या जन्माची नोंदच झालेली नाही (खानापूरच्या जंगलपट्टीत अजूनही अशी उदाहरणं आहेत), त्यांनी अर्ज करण्याच्याही आधी हे काम हातात घ्यावं. वर्ष उलटलेल्या नोंदीला अधिकाऱ्याचा आदेश लागतो आणि त्याला महिने जातात.

६. नाव कसं लिहायचं? माझ्या दहावीच्या मार्ककार्डावर आडनाव आधी आहे, पीयूसीवर वडिलांचं नाव पूर्ण आहे, डिग्रीवर फक्त इनिशियल.

फ्रेंच फॉर्मला दोनच घरं: 'नाँ' म्हणजे आडनाव आणि 'प्रेनाँ' म्हणजे नाव. वडिलांच्या नावासाठी वेगळी जागा नाही. पासपोर्टमध्ये वडिलांचं नाव तुमच्या नावाला जोडून आलं असेल, तर ते प्रेनाँमध्येच लिहा आणि सगळीकडे तसंच ठेवा. बँक, घर, शाळा, विमा, सगळीकडे. एका ठिकाणी सोडलंत तर पगार एका नावानं आणि खातं दुसऱ्या नावानं असं होतं.

लग्न झालेल्या मुलींना हा त्रास जास्त. फ्रान्समध्ये जन्माचं आडनाव हेच बाईचं कायदेशीर आडनाव असतं. नवऱ्याचं आडनाव वापरायचं असेल तर ते वेगळ्या रकान्यात जातं. पासपोर्टवर सासरचं आणि जन्मदाखल्यावर माहेरचं आडनाव असेल, तर विवाह नोंदणीचा दाखलाही अपोस्टील करून न्या. पत्रिका आणि फोटो चालत नाहीत.

७. व्हिसाचं कसं? पासपोर्ट अजून काढला नाही.

मग आजच काढायला घ्या. बेळगावच्या पोस्टातल्या पासपोर्ट केंद्रात काम होतं, नाहीतर हुबळी आहे. नेमणुकीचं पत्र, ज्याला ते 'आरेते' म्हणतात, तिकडच्या उन्हाळ्यात येतं आणि त्याशिवाय व्हिसाचा अर्ज करता येत नाही. आपल्याकडचे बहुतेकजण बेंगळूरला जातात. राणी चन्नम्मा एक्सप्रेसनं रात्री निघालं की सकाळी पोचतो. पण ऑगस्टमध्ये विद्यार्थ्यांची गर्दी असते आणि तारखा मिळत नाहीत, म्हणून पत्र आल्याच्या दिवशीच तारीख घ्या.

व्हिसा मोठ्या मुदतीचा असतो, पण तो पासपोर्टवर चिकटला म्हणून काम झालं असं नाही. फ्रान्समध्ये उतरल्यापासून तीन महिन्यांच्या आत तो ऑनलाइन वैध करून घ्यावा लागतो आणि शुल्क लागू असेल तर तेही भरावं लागतं. हे राहिलं तर तुमचा मुक्कामच बेकायदेशीर ठरतो. पहिल्या आठवड्यातच करून टाका.

८. घर मिळेना झालंय. सगळे 'गारां' मागायलेत. ते काय असतं?

गारां म्हणजे जामीन राहणारा माणूस, तोही फ्रान्समध्ये कमावणारा. बेळगावातले बाबा जामीन राहू शकत नाहीत, त्यांचं घर स्वतःचं असलं तरी. यावर उपाय 'विझाल' नावाची फुकटची हमी. १८ ते ३० वयाच्या भाडेकरूंना ती ऑनलाइन मिळते. व्हिसा हातात आला की घर शोधण्याआधीच काढून ठेवा, म्हणजे मालकाशी बोलताना तुमचं पारडं जड होतं.

घर शोधण्याआधी शाळेला ईमेल करा. काही लिसेंमध्ये असिस्टंटसाठी खोली असते आणि ती बाहेरच्या भाड्याच्या मानानं फार स्वस्त पडते. नाहीच मिळाली तर तुमच्या आधीच्या असिस्टंटचा पत्ता मागा, त्यांची खोली बहुतेकदा रिकामीच होत असते. तरुण कामगारांची वसतिगृहंही असतात, त्यांना 'फॉयए' म्हणतात. पुष्कळजण दोन-तीन शाळांत विभागलेले असतात. तसं असेल तर शाळेजवळ घर न घेता बस आणि रेल्वे स्टेशनजवळ घ्या. हिवाळ्यात सकाळी आठलाही अंधार असतो, तेव्हा स्टॉपपर्यंतचं अंतर फार जाणवतं.

डिपॉझिटला कायद्यानं मर्यादा आहे: रिकाम्या घराला एका महिन्याचं भाडं, सामानासकट घराला दोन महिन्यांचं. 'बाय मोबिलिते' नावाचा एक ते दहा महिन्यांचा करार २०१८ च्या कायद्यानं आला. त्यात मालकाला डिपॉझिट मागताच येत नाही. सात महिन्यांच्या माणसाला हाच करार सोयीचा, म्हणून स्वतःहून विचारा. मालक सहसा आपणहून सांगत नाही. घराचा विमा मात्र बहुतेक करारांत तुम्हालाच काढावा लागतो.

भाड्याला सरकारी मदतही मिळू शकते, ती 'काफ' हे कार्यालय देतं. राहायला आलात त्या महिन्याची मदत मिळत नाही, पुढच्या महिन्यापासून सुरू होते. म्हणजे २८ सप्टेंबरला राहायला गेलात तर ऑक्टोबरचा हक्क लागतो, आणि १ ऑक्टोबरला गेलात तर नोव्हेंबरचा. करारावरची तारीख ठरवताना हे लक्षात ठेवा.

घर बघितल्याशिवाय पैसे पाठवू नका. 'मी परदेशी आहे, किल्ली कुरिअरनं पाठवतो' म्हणणारा मालक फसवणारा असतो.

९. बँक म्हणते घराचा पत्ता द्या, घरमालक म्हणतो बँक खातं द्या. आधी काय करायचं?

पहिले काही दिवस शाळेच्या किंवा ओळखीच्या शिक्षकांच्या पत्त्यावर काढा. त्यांनी 'ही व्यक्ती माझ्याकडे राहते' असं सहीनिशी लिहून आपल्या वीजबिलाची आणि ओळखपत्राची प्रत दिली, तर बहुतेक बँका खातं उघडतात. सगळ्यांनीच नकार दिला तर फ्रान्सच्या रिझर्व्ह बँकेकडे, बाँक द फ्राँसकडे, खात्याचा हक्क मागता येतो. ती एखाद्या बँकेला तुमचं खातं उघडायला सांगते. खातं झालं की 'रिब' नावाचा कागद मिळतो. तो शाळेच्या ऑफिसात दिल्याशिवाय पगार निघत नाही. शाळेत हजर झाल्याचा कागदही पहिल्याच दिवशी सही करून घ्या.

१०. आजारी पडलो तर?

नोकरीवर असल्यामुळे तुम्ही तिथल्या सरकारी आरोग्य विम्यात येता. साध्या डॉक्टरची फी ३० युरो. त्यातले साधारण ७० टक्के परत मिळतात, वर दोन युरो कापले जातात. नंबर यायला काही महिने लागतात. तोवर पैसे भरा आणि डॉक्टरचा कागद जपून ठेवा, मागचेही परत मिळतात. पहिल्या तीन महिन्यांसाठी इथूनच प्रवास विमा काढून न्या. तातडीला १५ हा रुग्णवाहिकेचा नंबर, आणि ११२ सगळ्याला चालतो. दात आणि चष्म्याचं काम बेळगावातच उरकून जा, तिथे महाग पडतं आणि तारीख लवकर मिळत नाही.

११. पहिल्या तासाला वर्गात काय करायचं? मुलं बोलतच नाहीत म्हणे.

बोलत नाहीत हे खरं आहे. पंधरा वर्षांची फ्रेंच मुलं चुकण्याला फार घाबरतात. 'माझा देश भारत' असं मोठं भाषण आणि ताजमहालाचे फोटो घेऊन गेलात तर ती शांतपणे ऐकतील आणि तास संपेल. मुलांना विचारावंसं वाटेल असं काहीतरी हातात द्या.

माझा सगळ्यात चाललेला तास खडे बाजारातल्या एका दुकानाच्या पाटीवर होता. फोटो मोठा करून लावला. पाटीवर वर कन्नड, मध्ये इंग्रजी, खाली मराठी. दुकानाचं नाव आणि मालकाचं आडनाव झाकलं आणि विचारलं: इथे किती भाषा आहेत, किती लिप्या आहेत, दुकान कशाचं असेल, गिऱ्हाईक कोण असेल? कुणीतरी कन्नडच्या गोल अक्षरांकडे बोट दाखवून विचारलं, हे अरबी आहे का? दुसरी म्हणाली, खालच्याला वर रेघ आहे, वरच्याला नाही. मग मी प्रत्येकाला आपापलं नाव देवनागरीत लिहून दिलं आणि बदल्यात एकेक इंग्रजी वाक्य मागितलं. शेवटच्या बाकावरच्या मुलांनीही दिलं, कारण नाव हवं होतं. पुढच्या आठवड्यात त्याच वह्यांवर ती नावं गिरवलेली दिसली.

अशा साहित्याची आपल्याकडे कमी नाही. कर्नाटकाच्या आणि महाराष्ट्राच्या एसटीची तिकिटं, द्विभाषिक लग्नपत्रिका, शिवजयंतीच्या चित्ररथांचे फोटो, गोकाकचा धबधबा, मांडे करताना उलट्या घागरीवर पसरलेली पोळी. हातात धरता येईल असं न्या. मोठ्या मुलांना गांधीजी माहीत असतात. १९२४ चं बेळगावचं काँग्रेस अधिवेशन हे गांधीजींनी अध्यक्षपद भूषवलेलं एकमेव अधिवेशन, आणि ते आपल्या टिळकवाडीत झालं. तिथल्या काँग्रेस विहिरीचा आजचा फोटो दाखवून 'अधिवेशनाला आलेल्या हजारो लोकांसाठी पाणी कसं आणलं असेल' हा प्रश्न टाका, तासभर चर्चा होते.

१२. सर वर्ग माझ्यावर सोडून स्टाफरूममध्ये जातात. हे बरोबर आहे का?

नाही. अर्धा वर्ग किंवा आठ-दहा मुलांचा गट दुसऱ्या खोलीत घेऊन बसणं ठीक आहे, लिसेमध्ये तसंच चालतं. पूर्ण वर्गाची जबाबदारी असिस्टंटची नाही, आणि प्राथमिक शाळेत तर शिक्षक हजर असलेच पाहिजेत. एकदा सौम्यपणे बोलून बघा: 'मला गट दिलात तर मुलं जास्त बोलतील.' आपल्याकडे मोठ्यांना असं तोंडावर सांगणं जड जातं. तिथे उद्धटपणा मानत नाहीत, उलट न बोललेलंच त्यांना कळत नाही. तरीही बदललं नाही तर तुमच्यासाठी नेमलेल्या जबाबदार शिक्षकांना लेखी कळवा.

१३. शिक्षिका म्हणाल्या, 'मुलांना ब्रिटिश उच्चार हवेत.' काय उत्तर द्यायचं?

खोटा उच्चार काढू नका. स्पष्ट आणि थोडं सावकाश बोला, शब्दाचा जोर कुठे पडतो तेवढं सांभाळा. मुलांना जगभरचं इंग्रजी ऐकवतात, त्यात भारतीय माणसंही असतात, हे शिक्षिकांना माहीत असतं. सुरुवातीचे काही तास ऐकल्यावर ही तक्रार बहुधा आपोआप थांबते.

१४. मुलं विचारतात, तू कर्नाटकाची तर तुझी भाषा मराठी कशी? सीमाप्रश्न कसा सांगायचा? सांगायचा का?

सांगायचा. आपण आहोत तेच सांगतोय. पण आधी घटना सांगा, मत नंतर. १ नोव्हेंबर १९५६ ला भाषेच्या आधारावर राज्यं झाली आणि मुंबई राज्यातलं बेळगाव तेव्हाच्या म्हैसूर राज्यात (आजच्या कर्नाटकात) गेलं. गावात मराठी बोलणारेही होते, कन्नड बोलणारेही. १९६६ मध्ये महाजन आयोग नेमला गेला, १९६७ मध्ये त्यानं बेळगाव म्हैसूरकडेच ठेवावं असं सांगितलं, महाराष्ट्रानं ते मानलं नाही. २००४ मध्ये महाराष्ट्र सर्वोच्च न्यायालयात गेला. एवढं चार वाक्यांत सांगता येतं.

वर्ग स्ट्रासबुर्गच्या बाजूला असेल तर आणखी काही सांगावं लागत नाही. आल्सास १८७१ मध्ये जर्मनीकडे गेलं, पहिल्या महायुद्धानंतर फ्रान्सकडे आलं, १९४० मध्ये पुन्हा जर्मनीनं घेतलं, दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी परत आलं. तिथल्या मुलांच्या पणजोबांनी शाळेची भाषा बदललेली पाहिली आहे. तिथे, ब्रेतान्यमध्ये किंवा बास्क भागात रस्त्यांच्या पाट्या दोन भाषांत असतात. 'तुमच्या आजीची भाषा कुठली होती, आणि ती तुम्हाला येते का?' असं इंग्रजीत विचारा. आमच्यापेक्षा त्यांच्या घरात जास्त भाषा हरवल्यात, हे त्यांना बोलता बोलता कळतं.

एक काळजी घ्या. फ्रेंच राज्यघटनेत १९९२ पासून 'प्रजासत्ताकाची भाषा फ्रेंच' असं लिहिलेलं आहे, आणि प्रादेशिक भाषांवर शिक्षकांच्या खोलीतही तीव्र मतं असतात. वर्गात कन्नड लोकांबद्दल कडवट बोलू नका. तुमच्या गल्लीत शेजारी कन्नड कुटुंब आहे, त्यांच्या घरची होळीगी (पुरणपोळी) तुम्ही खाल्ली आहे, तेही सांगा. तेही खरंच आहे.

१५. टिकली आणि मंगळसूत्र चालतं का?

सरकारी शाळेत काम करणाऱ्या प्रत्येकाला धर्माच्या बाबतीत तटस्थ राहावं लागतं, असिस्टंटलाही. दिसेल अशी धार्मिक खूण चालत नाही. मुलांसाठी २००४ चा वेगळा कायदा आहे. मंगळसूत्र कपड्यांच्या आत राहू द्या. टिकलीबद्दल पहिल्याच दिवशी मुख्याध्यापकांना सरळ विचारा आणि त्यांचं उत्तर पाळा. गळ्यातलं लॉकेट, मनगटाचा गंडा यांनाही हेच लागू. शाळेबाहेर काहीही घाला. सणांविषयी वर्गात माहिती द्यायला हरकत नाही, पूजा किंवा आरती करून दाखवू नका.

१६. मी शाकाहारी आहे. उपाशी मरेन का? आणि कुंदा नेता येतो का?

उपाशी मरणार नाही, पण स्वयंपाक करावा लागेल. शाळेच्या कँटीनमध्ये आठवड्यातून एकदा तरी शाकाहारी जेवण देणं कायद्यानं बंधनकारक आहे. बाकीच्या दिवशी उकडलेली भाजी, ब्रेड आणि चीज. अंडं ते शाकाहारातच धरतात, काहीजण मासाही धरतात, म्हणून 'मांस नाही, मासा नाही' असं दोन्ही सांगा, आणि अंडं खात नसाल तर तेही. ज्वारीचं पीठ सेंद्रिय मालाच्या दुकानात 'सोर्गो' या नावानं मिळतं, भाकरी होते. तूरडाळ, मसाले मोठ्या शहरातल्या भारतीय किंवा श्रीलंकन दुकानात. पॅरिसमध्ये ला शापेल भागात सगळंच मिळतं.

भारतातून दूध आणि दुधाचे पदार्थ, मांस आणि मांसाचे पदार्थ युरोपात न्यायला बंदी आहे. कुंदा खव्याचा. विमानतळावर वाद घालण्यात अर्थ नाही, नेऊ नका. तूपही नको. ताजा कढीपत्ताही नको, वाळवलेला घ्या. चटण्या, काळा मसाला, पापड न्या. शेंगदाण्याची चटणी शिक्षकांना फार आवडते, जास्तीची न्या.

१७. नोव्हेंबर लागला आणि रडू यायला लागलंय. सगळ्यांना होतं का?

बहुतेकांना होतं. पाचला अंधार, रविवारी दुकानं बंद, आणि आठवड्याला बाराच तास काम असल्यामुळे वेळ खायला उठतो. दिवाळी त्याच सुमाराला येते आणि व्हॉट्सअॅपवर घरचा फराळ दिसत राहतो. खोलीत बसून राहू नका. गावातल्या एखाद्या मंडळात नाव घाला: गाणं, चालणं, कबड्डी नसेल तर हँडबॉल, काहीही. फ्रेंच लोक घरी पटकन बोलवत नाहीत, पण दर आठवड्याला एकाच जागी दिसणाऱ्या माणसाला धरून ठेवतात. स्टाफरूममध्ये रोज प्रत्येकाला 'बाँझूर' म्हणा, एकालाही गाळू नका. घरच्या फोनची वेळ ठरवून टाका. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं मागे जातात आणि आपल्यातलं अंतर साडेतीन तासांवरून साडेचार तासांचं होतं, हे आईला आधीच सांगून ठेवा. आणि झोप, भूक दोन्ही गेली असेल तर ते नुसतं घरची आठवण नाही, डॉक्टरकडे जा (प्रश्न १०).

१८. बाबा नको म्हणायलेत. मुलगी एकटी सात महिने कशी राहणार, म्हणतात.

त्यांना वाद घालून पटणार नाही, कागद दाखवून पटतं. आरेतेचं मराठीत तोंडी भाषांतर करून सांगा: पगार सरकार देतं, शाळेचं नाव आणि पत्ता हा, जबाबदार शिक्षक हे, आजारी पडलं तर विमा हा. शक्य असेल तर त्या शिक्षकांशी व्हिडिओ कॉलवर दोन मिनिटं बोलणं करून द्या. बाबांना फ्रेंच येत नाही, त्या शिक्षकांना मराठी नाही, पण चेहरा दिसला की फरक पडतो. धोकाच नाही असं खोटं सांगू नका. रात्री उशिरा मोठ्या स्टेशनांवर जपूनच राहावं लागतं. ते कसं कराल ते सांगा. बाबांच्या काळजीला उत्तर हवं असतं, धीर नको असतो.

१९. सुट्टीत दुसऱ्या देशात फिरता येतं का?

हो. दर सहा-सात आठवडे शिकवलं की साधारण दोन आठवडे सुट्टी येते, आणि सुट्टीतही पगार चालू राहतो. मोठ्या मुदतीच्या व्हिसावर शेंगेन देशांत (युरोपातल्या सामाईक व्हिसाच्या देशांत) १८० दिवसांत ९० दिवसांपर्यंत जाता येतं. इंग्लंड त्यात नाही, त्याला वेगळा व्हिसा. २७ वर्षांपर्यंत रेल्वेचं ४९ युरोंचं तरुणांचं सवलत कार्ड मिळतं, दोन-तीन मोठ्या प्रवासांत पैसे वसूल होतात. आधी प्रश्न ७ मधली वैधता मात्र पूर्ण झालेली असू द्या. ती नसताना सीमा ओलांडलीत तर परत येताना अडचण होते.

२०. परत येताना काय काय उरकायचं? आणि घरी काही झालं, मध्येच यावं लागलं तर?

सामानासकट घर सोडायला साधारण एक महिन्याची लेखी सूचना लागते, म्हणजे मार्चच्या शेवटीच पत्र द्या. घर सोपवताना मालकाबरोबर खोल्या तपासून कागदावर सह्या करा. नुकसान नसेल तर डिपॉझिट एका महिन्यात परत यायला हवं, कापायचं असेल तर दोन महिन्यांत. म्हणून बँक खातं लगेच बंद करू नका. पगाराच्या सगळ्या पावत्या आणि मुख्याध्यापकांच्या सहीचं कामाचं प्रमाणपत्र घेऊन या. एकदा निघालात की ते मिळवणं अवघड जातं.

घरी आजारपण किंवा मृत्यू झाला तर आधी मुख्याध्यापकांना सांगा, काही दिवसांची रजा देता येते का ते तेच बघतात. परत जाणं शक्यच नसेल तर राजीनामा लेखी द्यावा लागतो. न सांगता निघून आलात आणि पगार जमा होत राहिला, तर तो नंतर वसूल करतात. घराचा करार वेगळा सोडावा लागतो, राजीनामा दिला म्हणून भाडं थांबत नाही. गडबडीत विमानतळ गाठायची वेळ आली तर ओळखीच्या शिक्षकांना मालकाशी बोलण्याचं लेखी अधिकारपत्र देऊन या. पासपोर्ट, व्हिसा आणि अपोस्टील केलेले मूळ कागद मात्र स्वतःबरोबरच ठेवा, सामानात टाकू नका.